झाडीपट्टीतील थंडी आणि घरातील विस्तव

चंद्रपूरचे नाव वर्तमानपत्रात येते ते बहुधा उन्हाळ्यातील तापमानासाठी. त्यामुळे डिसेंबरात इकडे येणारा पाहुणा गरम कपडे घ्यायला विसरतो. परंतु मूल, सावली मागे टाकून आपण वैनगंगेच्या पुलावरून गडचिरोलीत शिरता, पुढे चामोर्शी, आष्टीमार्गे आलापल्लीच्या सागवनात पोहोचता, तेव्हा सूर्य मावळताच थंडी किती झपाट्याने उतरते हे ध्यानी येते.

पहाटे गावोगावी अंगणात शेकोटी पेटते. भोवती आजी-आजोबा बसतात, गप्पा रंगतात. त्या धुरानेही दमेकऱ्यांना त्रास होतो, म्हणून त्यांनी वाऱ्याची दिशा पाहून बसावे. पण खरी चिंता रात्रीची. तेव्हा लाकडाचे किंवा दगडी कोळशाचे निखारे सिगडीत भरून घरात आणले जातात, म्हाताऱ्या माणसाच्या खाटेजवळ ठेवले जातात आणि गारवा येऊ नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतल्या जातात. यामागे माया असते. घात मात्र येथेच होतो.

धूर दिसत नाही म्हणजे धोका नाही, असा आपला समज असतो. धगधगत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर, गुंगी ही त्याची लक्षणे. वृद्धांत केवळ असंबद्ध बोलणे किंवा तोल जाणे एवढेच दिसते आणि आपण ते वयावर ढकलतो. घरातील अनेकांना एकाच वेळी त्रास होत असेल आणि मोकळ्या हवेत बरे वाटत असेल, तर विस्तवावर संशय घ्यावा.

प्रवासात एखाद्या जुन्या बंगल्यात भिंतीतील शेकोटी दिसली, तर प्रथम ती वापरात आहे का, हे तेथील रखवालदाराला विचारावे. लोखंडी पेटी बसवलेली असल्यास तिचे दार, सांधे व तडे पाहावेत. धुराडे पक्ष्यांच्या घरट्यांनी वा मधमाश्यांच्या पोळ्याने बुजलेले असू शकते. झडप उघडून कागदाचा छोटा बोळा पेटवावा. धूर वर न जाता खोलीत आला, तर तेथे विस्तव पेटवू नये. लाकूड वाळलेलेच हवे. बांबूचे अखंड पेर जाळू नये, ते फुटून निखारे उडतात. राख पूर्ण थंड होईपर्यंत झडप बंद करू नये.

सिगडीला तर धुराडेच नसते. ती अंगणात वा पडवीतच असावी. झोपण्याच्या खोलीत तिच्याऐवजी दोन गोधड्या, कानटोपी, पायमोजे आणि कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी द्यावी. मधुमेही व्यक्तीच्या पायांना चटका जाणवत नाही, म्हणून पिशवीचे पाणी कढत नसावे.

कोणी गुंगीत आढळल्यास दारे उघडून त्याला तत्काळ बाहेर आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये; या विषबाधेत तो आकडा चांगला दाखवतो. ‘खोलीत सिगडी होती’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने योग्य उपचार, म्हणजे प्राणवायू, लवकर सुरू होतो.