खिंडींचा शोध

खिंड ही डोंगरातली दुहेरी जागा आहे. धारेवरून चालत येणाऱ्याला ती दोन शिखरांमधली सर्वांत खालची जागा वाटते, तर खोऱ्यातून चढून येणाऱ्याला तीच वाटेवरची सर्वांत उंच जागा असते. शिखरावर पोहोचलेला माणूस आल्या वाटेने परततो. खिंडीत पोहोचलेल्यासमोर मात्र नवे खोरे उघडते. फ्रान्सच्या ग्रामीण भागात सायकलीने आणि पायी खिंडी शोधत फिरण्याची एक जुनी परंपरा आहे, आणि तिचे सारे आकर्षण या पलीकडच्या खोऱ्यात आहे.

बाहेरच्या जगाला फ्रान्सच्या खिंडी माहीत झाल्या त्या टूर द फ्रान्स शर्यतीमुळे. १९१० साली शर्यत प्रथमच पिरेनीजमधल्या २,११५ मीटर उंचीच्या तुर्माले खिंडीतून गेली, आणि पुढच्याच वर्षी आल्प्समध्ये गालिबिएवर चढली. खिंडी शोधणाऱ्यांची परंपरा मात्र शर्यतीतून आलेली नाही. तिचा मूळपुरुष पॉल द व्हिव्ही हा सेंत एतिएनचा. ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने त्याने १८८७ पासून सायकलीला वाहिलेले नियतकालिक चालवले. चढावर गिअर बदलता आले पाहिजेत, म्हणजे सामान्य प्रकृतीचा माणूसही डोंगर ओलांडू शकेल, असा त्याचा आग्रह होता. टूरने गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगी दिली ती १९३७ साली. व्हेलोसियो तोवर हयात नव्हता, पण डोंगरात हिंडणाऱ्या साध्या सायकलस्वारांनी त्याचे म्हणणे त्याआधीच स्वीकारले होते. भूक लागण्याआधी खावे, तहान लागण्याआधी प्यावे आणि केवळ मिरवण्यासाठी पेडल मारू नये, ही त्याची शिकवण आजही चढावर खरी ठरते.

१९७२ साली जाँ पेर्दू यांनी आनेसी येथे ‘क्लब दे साँ कॉल’, म्हणजे शंभर खिंडींचे मंडळ, स्थापन केले आणि या छंदाला निश्चित रूप आले. सदस्य होण्यासाठी शंभर वेगवेगळ्या खिंडी स्वतःच्या ताकदीवर सायकलीने पार केलेल्या असाव्या लागतात आणि त्यांतल्या किमान पाच २,००० मीटरहून उंच असाव्या लागतात. वेळ मोजली जात नाही. एखादी खिंड कितीही वेळा ओलांडली तरी ती एकदाच धरली जाते. पुरावा मागितला जात नाही, सदस्याच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो. या साध्या नियमांनी एक मोठी गोष्ट साधली. प्रसिद्ध खिंडी थोड्याच, त्यामुळे शंभराचा आकडा गाठायचा तर माणसाला नकाशा उघडून ज्यांची नावे कोणी घेत नाही अशा खिंडींकडे वळावेच लागते.

म्हणून या कलेची पहिली पायरी नकाशावाचन ही आहे. फ्रान्सच्या राष्ट्रीय भूगोल संस्थेचे, म्हणजे आयजीएनचे, १:२५,००० प्रमाणाचे नकाशे यासाठी सर्वांत उपयोगी. त्यावरच्या समोच्च रेषा दोन बाजूंनी उंचीकडे आणि दोन बाजूंनी खोलीकडे जाताना दिसल्या की तिथे खिंड असते, मग शेजारी नाव छापलेले असो वा नसो. नावेही प्रदेशागणिक बदलतात. आल्प्समध्ये बहुतेक ठिकाणी ‘कॉल’, पिरेनीजमध्ये ‘पोर’ आणि ‘उर्केत’, दक्षिण आल्प्समध्ये ‘बेस’, तर कड्यांमधल्या अरुंद फटीला ‘ब्रेश’. नुसते ‘कॉल’ शोधणाऱ्याच्या नजरेतून निम्मा प्रदेश सुटतो. रेषा किती दाट आहेत यावरून चढाचा कस कळतो. वाट सलग रेघेने दाखवली आहे की तुटक, यावरून सायकल चालवायची की ढकलायची हे आदल्या रात्रीच ठरते.

प्रत्यक्ष चढावर धीर हेच मुख्य कौशल्य. आल्प्समधले अनेक जुने रस्ते लष्करासाठी आणि घोडागाड्यांसाठी आखले गेले, त्यामुळे त्यांचा चढ लांब पण बराचसा एकसारखा असतो. व्हालोआरहून गालिबिएपर्यंतचा रस्ता सुमारे १८ किलोमीटरचा आहे, आणि त्यात बाराशे मीटरहून अधिक उंची गाठावी लागते. अशा रस्त्यावर पहिल्या तासात बोलता येईल इतक्याच जोराने चालवणारा माणूस वर पोहोचतो. नावाजलेल्या चढांवर दर किलोमीटरला दगड असतो. माथा किती दूर आहे आणि पुढच्या किलोमीटरचा सरासरी चढ किती टक्के आहे, हे त्यावर लिहिलेले असते. अनोळखी खिंडींच्या वाटेवर असे दगड नसतात. तिथे झाडी विरळ होणे, कुरणे लागणे आणि वाऱ्याची दिशा बदलणे यांवरून माथा ओळखावा लागतो.

डांबर संपले की कलेचा दुसरा अर्धा भाग सुरू होतो. असंख्य खिंडींवर फक्त खेचरांची किंवा मेंढपाळांची वाट जाते. तिथे सायकल ढकलावी लागते, कधी खांद्यावर घ्यावी लागते. यात कमीपणा काहीच नाही. ही परंपरा चालण्याला सायकलीइतकाच मान देते. उबाय आणि द्युराँस या नद्यांच्या खोऱ्यांमधली पार्पायों खिंड हा याचा उत्तम नमुना आहे. लष्कराने बांधलेला कच्चा रस्ता सुमारे २,६४० मीटरवरच्या अर्धा किलोमीटर लांबीच्या अंधाऱ्या बोगद्यातून जातो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आत पाणी आणि बर्फ असतो. खरी खिंड बोगद्याच्या डोक्यावर शंभराहून अधिक मीटर उंच आहे आणि तिथे पायानेच जावे लागते. दिवा, जाड तळाचे बूट आणि भरपूर वेळ या तिन्ही गोष्टी इथे आवश्यक आहेत.

उंची हा खिंडीचा खरा निकष नाही, हे सेव्हेन भागातल्या पेर्झ्युरे खिंडीत पटते. तिची उंची हजार मीटरहून जेमतेम अधिक. पण तिच्या एका बाजूला कोस मेजाँचे चुनखडीचे, उघडे, कोरडे पठार आहे, तर दुसऱ्या बाजूला एगुआलचा रानांनी झाकलेला डोंगर. फ्लोराकहून तार्नों नदीच्या खोऱ्यातून चढायचे आणि जोंत नदीकाठाने मेर्युएसकडे उतरायचे. खिंडीच्या दोन्ही उतारांवरचे पाणी दोन नद्यांनी वेगळे निघते, पण शेवटी तार्न नदीलाच मिळते. १९६० च्या टूरमध्ये रोजे रिव्हिएर हा सायकलपटू याच खिंडीच्या उतारावर दरीत कोसळला आणि त्याची कारकीर्द संपली. उतारावर नजर वळणाच्या पुढे आणि हात ब्रेकवर असावेत, हा धडा इथे कायमचा लिहिलेला आहे. सायकल ठेवून खिंडीतून पायी पठारावर गेले की ‘नीम ल व्हिए’चे झिजून मोडक्या शहरासारखे दिसणारे खडक लागतात. रस्त्याने नुसते ओलांडून जाणाऱ्याला ते कधीच दिसत नाहीत.

काही पथ्ये अनुभवाने ठरलेली आहेत. आल्प्सच्या उंच खिंडींचे रस्ते हिवाळ्यात बंद असतात आणि अनेकदा जूनमध्ये उघडतात. उत्तरेकडच्या उतारांवरच्या पायवाटांवर बर्फ त्यानंतरही टिकतो. उन्हाळ्यात दुपारनंतर वादळे उठतात, म्हणून माथा दुपारपूर्वी ओलांडावा. उतरण्याआधी कोरडा कपडा चढवावा. कुरणातल्या मेंढ्यांना ‘पातू’ नावाचे पांढरे, थोराड कुत्रे राखतात. ते दिसताच सायकलवरून उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवावी, शांत उभे राहावे आणि कळपाला लांबून वळसा घालावा. राष्ट्रीय उद्यानांच्या गाभ्यातल्या पायवाटांवर सायकलीला बहुधा मनाई असते, ती पाळावी. छोट्या गावांत दुकाने दुपारी बंद होतात, काही सोमवारीही. तेव्हा भाकरीची सोय सकाळीच करावी. पाणी गावातल्या कारंज्यावर किंवा दफनभूमीच्या नळावर भरावे, मात्र ते पिण्याजोगे नसल्याची पाटी तर नाही ना, हे आधी पाहावे.

दर चार वर्षांनी महाराष्ट्रातून सायकलस्वार पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस या सायकलफेरीसाठी फ्रान्सला जातात आणि ठरलेल्या वेळेत बाराशे किलोमीटर कापून परततात. एवढ्या दूर जाणाऱ्याने घड्याळ बाजूला ठेवून आणखी काही दिवस डोंगराला द्यावेत. आयजीएनचा एक नकाशा घ्यावा, प्रसिद्ध नसलेली एखादी खिंड निवडावी, चालवता येईल तिथवर चालवावे आणि उरलेली वाट चालावी. फ्रान्सचे डोंगर समजून घेण्याचा याहून चांगला मार्ग नाही.