विहिरीकडचा मोगरा

निर्मळ, वसई

चि. मनू,


विहिरीकडचे मोगऱ्याचे वाफे कुठे गेले आणि तिथे सोनचाफा का लावला, असं तू फोटो पाहून विचारलंस. फोनवर घाईत सांगण्यासारखं ते नाही, म्हणून लिहिते.

मोगऱ्याला माणसं लागतात. मार्गशीर्षाच्या सुमारास पाणी तोडायचं, छाटणी करायची, मग शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचं. माघ-फाल्गुनात कळी धरली की पावसापर्यंत उसंत नाही. संध्याकाळी उमलणारी कळी बाजारात मिटलेलीच पोचली पाहिजे, म्हणून पहाटेच खुडायची. आणि मोगरा विकतात वजनावर. किलो भरायला हजारो कळ्या! आजीच्या वेळी घरातले सगळे हात वाफ्यात असत, मग टोपल्या विरार लोकलने दादरला जात. पुढे तुम्ही मुलं शिकलात, नोकऱ्यांना लागलात. ते व्हायलाच हवं होतं, पण खुडायला कोणी उरलं नाही. कळी पोखरणारी अळी वेगळीच.

सोनचाफा नगावर विकला जातो. कलमी झाड वर्षा-दोन वर्षांत फुलू लागतं. बियांपासून केलेलं कितीतरी वर्षं वाट पाहायला लावतं. शेंडा मारून ते हात पोचेल एवढंच ठेवायचं, म्हणजे दोन माणसांत तोडणी होते. मुळाशी पाणी साचलं तर मात्र दगावतं. म्हणून आम्ही बावखलाच्या तळ्याकडची सखल बाजू सोडून विहिरीजवळचा उंचवटा त्याला दिला, आणि मोगऱ्याची जागा गेली.

मला त्याचं वाईट वाटतं. चैत्रातलं हळदीकुंकू, माठात टाकलेली दोन फुलं, लग्नातले गजरे, नंदाखालच्या ख्रिस्ती मैत्रिणींच्या केसांतही तोच मोगरा. तो ओंजळीने वाटायचा. चाफ्याचं एकच फूल पुरतं: देवाला, वेणीत, नाहीतर कपड्यांच्या कपाटात. फोटोत पाण्याच्या बाटलीत दिसतो तो चाफाच. बुडवून झाकण घट्ट लावलं की फूल बरेच दिवस टिकतं.

तरी चाफ्याला मी बोल लावणार नाही. आजूबाजूच्या किती वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या, ते तू पाहिलंस. आपली वाडी वाडी राहिली ती चाफ्यामुळे. आणि मोगरा काही जिल्ह्यातून गेला नाही. विक्रमगड-जव्हारकडे आदिवासी शेतकऱ्यांनी तो धरलाय. भात झाला की ज्यांना कामासाठी गाव सोडावं लागायचं, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना आता घरच्या शेतात रोजचा पैसा मिळतो. हे मला फार मोलाचं वाटतं.

टोरांटोत तू चाफ्याच्या फंदात पडू नकोस. त्याला जमीन हवी, आणि तिथली थंडी त्याला सोसणार नाही. मोगरा कुंडीत छान राहतो. इथून फांदी नेऊ नकोस, विमानतळावर अडवतील. तिथल्या रोपवाटिकेत ‘अरेबियन जॅस्मिन’ माग. फिलिपिनो शेजारी असतील तर त्यांना ‘सांपागिता’ म्हण, लगेच ओळखतील. त्यांचं ते राष्ट्रीय फूल आहे. उन्हाळ्यात भरपूर ऊन दे, थंडी सुरू व्हायच्या आत कुंडी घरात खिडकीशी घे, तेव्हा पाणी बेताचंच घाल. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी सरताना न घाबरता छाट.

पहिली कळी आली की मला कळव.

तुझी,
आत्या