कोच नेमण्याआधी

वडपे नाक्याजवळच्या एका गोदाम कंपनीत मी एचआर बघतो. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्याच सुमारास आमच्याकडे नवी गिऱ्हाइकं आली, माल वाढला. आमचे तिघे वरिष्ठ कामात पक्के. पण प्रत्येक निर्णय त्यांच्यापाशीच अडायचा. ठाण्यात अवजड गाड्यांना वेळेचं बंधन, त्यामुळे रात्री कुठला ट्रक आधी सोडायचा हे विचारायलाही सुपरवायझर या साहेबांना झोपेतून उठवायचे. शेवटी मालकांनी तिघांसाठी कोच लावला.

पहिले कोच बोलायला छान. सेशन ठाण्याच्या हॉटेलात. माजिवडा-वडपे रस्त्याचं रुंदीकरण चालू, तिघंही वैतागूनच पोचायचे. तेही चालून गेलं असतं. पण एक साहेब सेशनमध्ये म्हणाले, "नवं गोदाम घेणं मला पटलेलं नाही." काही दिवसांत मालकांनी त्यांना तेच ऐकवलं. मग तिघांनी तिथे तोंड उघडणंच सोडलं. साहेब माझ्याशीही तुटक वागू लागले. वाईट वाटलं, पण त्यांचा राग रास्त होता. त्या कोचचं काम बंद केलं. आगाऊ दिलेले पैसे बुडाले.

दुसऱ्या वेळी आधी चौकशी केली. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रं तीन पायऱ्यांची असतात. एसीसीला कोचिंगचा किमान १०० तासांचा अनुभव लागतो, पीसीसीला ५००, एमसीसीला २५००. आम्ही पीसीसी असलेल्या, मराठीत बोलणाऱ्या मॅडम निवडल्या. त्यांनी आधी मालकांना आणि साहेबांना समोरासमोर बसवलं. मालकांना ठरलेली उद्दिष्टं आणि हजेरी कळेल, सेशनमधलं बोलणं नाही, असं लिहून घेतलं. "पैसे मी देतोय ना?" मालक म्हणाले. पण सही केली.

मॅडम वडप्याला येऊन डॉकवर उभ्या राहिल्या, शिफ्टची मीटिंग पाहिली. ऑपरेशन्सच्या साहेबांना एकच काम दिलं: सुपरवायझरने विचारलं की उत्तर द्यायचं नाही, आधी "तुला काय वाटतं?" विचारायचं. मोठ्या निर्णयाची कारणं वहीत, निकाल लागायच्या आधी लिहायची. गॅरी क्लाईन या मानसशास्त्रज्ञाची एक पद्धतही शिकवली. बेत फसलाच आहे असं धरायचं आणि का फसला ते प्रत्येकाने लिहायचं. दिवाळीआधी तसं केलं तेव्हा एका नव्या पोराने लिहिलं, "रात्रपाळीला फोर्कलिफ्टवाला एकच." एरवी तो साहेबांसमोर बोलला नसता. दुसरा माणूस लगेच ठेवला.

रात्रीचे फोन कमी झाले, थांबले नाहीत. वाहतुकीच्या साहेबांमध्ये फारसा फरक नाही; त्यांना हे मुळात नकोच होतं. तेव्हा ज्याची इच्छा आहे त्यालाच कोच द्या. आणि कोणाला काय कळणार, हे पहिल्या सेशनच्या आधी कागदावर घ्या.