काळा रंग आणि खरी भाजणी

मद्याचा विषय निघाला म्हणून वडीलधाऱ्या वाचकांनी कपाळास आठ्या घालू नयेत. मद्य प्यावे की न प्यावे, हा आमचा आजचा विषय नव्हे. जे करावयाचे ते नीट न केल्यास काय वाया जाते, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत बिअरचे मोठे कारखाने असल्यामुळे छत्रपती संभाजीनगरास हे पेय नवे नाही. अलीकडे जागेवरच बिअर तयार करून ती ताजी पाजणारी पानगृहेही महाराष्ट्रात निघाली आहेत. शहरातील अशाच एका ठिकाणी आमच्या भाच्याने आम्हांस आग्रहाने नेले आणि ‘स्टाउट’ मागविली.

स्टाउट ही काळी बिअर. अठराव्या शतकात लंडनच्या हमालवर्गास प्रिय झालेल्या ‘पोर्टर’ची ही अधिक कडक बहीण. डब्लिन येथे आर्थर गिनेस याने १७५९ साली मद्यशाळेची जागा वार्षिक ४५ पौंड भाड्याने तब्बल ९,००० वर्षांसाठी घेतली. पुढे त्याच्या कारखान्याने स्टाउटला जगभर नेले. तिचे सारे मर्म जवाच्या भाजणीत आहे. एकंदर धान्यापैकी शेकडा दहा भाग जव कॉफीच्या बियांसारखे होईपर्यंत भाजले, की सारे पेय काळे होते व त्यास कॉफीचा खमंगपणा येतो.

आमच्यापुढील पेला रंगाने बिनचूक होता. चव मात्र पाणचट. आधी आंबूस, मागाहून करपट. फेस पाहता पाहता विरला. शिवाय पेय इतके गार, की असलेला वासही थिजून गेला असावा. थालीपीठाची भाजणी करणाऱ्या कोणत्याही गृहिणीस हा दोष ओळखीचा वाटेल. मोठ्या आचेवर धान्य लवकर काळे होते, पण खमंग होत नाही. म्हणून ती ज्वारी, बाजरी, हरभरा वेगवेगळे घेऊन मंद आचेवर परतीत बसते.

भाच्याने पेला दूर सारला. आम्हांस ते जड गेले, कारण पानात टाकू नये ही घरची शिकवण. तथापि करपट पेय संपविणे हे काही व्रत नव्हे. आम्ही तेथील तरुण कारागिरास बोलावून दोष सांगितले. त्याने स्वतः एक घोट घेतला, मान हलविली आणि म्हणाला, “लोक रंगाचे छायाचित्र घेतात, पेला अर्धा ठेवून जातात, सांगत कोणी नाही.”

एका पेल्याची एवढी चिकित्सा कशास, असे कोणी विचारील. एक लिटर बिअरमागे चार-सहा लिटर पाणी सहज खर्ची पडते, आणि या शहराचे व वाळूजचे पाणी येते जायकवाडीहून. एप्रिल २०१६ मध्ये उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठाने मद्यउद्योगाच्या पाण्यात प्रथम निम्मी व पुढे ६० टक्के कपात करण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात मराठवाड्यातीलच लातूरकरांची तहान भागविण्यास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. अशा मुलखात धान्य व पाणी घालून केलेला पदार्थ मोरीत ओतला जावा, हे पाणी तोडण्याइतकेच विचार करावयास लावणारे आहे.

तेव्हा करणाऱ्याने आच सांभाळावी आणि घेणाऱ्याने दोष तेथल्या तेथे सांगावा. आमटी खारट झाल्याचे दुसरी पंगत बसण्यापूर्वी आचाऱ्याच्या कानी घालणारा मनुष्य आपल्याकडे कोणासही उद्धट वाटत नाही.