देवबागच्या बेटावर

राहनाळला पाणी म्हणजे पावसाळ्यात गोदामांच्या रस्त्यावर साचलेले, नाहीतर ठाण्याला जाताना कशेळीच्या पुलावरून दिसणारी खाडी. त्यामुळे २०२४ च्या ऑलिंपिकमधील सर्फिंगची दृश्ये पाहून थोरलीने विचारले, "अम्मी, आपल्याकडे असं बेट नाही का गं?" तेव्हा आम्ही गप्प बसलो. ऑलिंपिक पॅरिसचे, पण लाटांवरच्या फळीची ही स्पर्धा पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटावर झाली होती.

गप्प बसण्याचे कारण निराळे होते. आमचा एक मामेभाऊ लहानपणी तळ्यात बुडाला. तेव्हापासून आमच्या घरात कुणी पाण्यात उतरत नाही. आम्ही पोहायला शिकलो नाही आणि मुलांनाही शिकवले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र थोरलीचा हट्ट जिंकला. ठाण्याहून रात्रीची कोकण रेल्वे, सकाळी कुडाळ आणि तिथून मालवण. गाडीत आम्ही मुलांना टोनी हिंद या ऑस्ट्रेलियन तरुणाची गोष्ट सांगितली. १९७३ मध्ये त्याचे जहाज मालदीवच्या खडकांवर आदळले. तिथल्या लाटांनी त्याला असे वेड लावले की तो पुन्हा मालदीवला आला, इस्लाम स्वीकारून टोनी हुसेन हिंद झाला आणि तिथेच संसार थाटला. मालदीवच्या लाटा जगाला माहीत झाल्या त्या त्याच्यामुळे. २००८ मध्ये त्याला मृत्यू आला तोही समुद्रात, सर्फिंग करतानाच.

मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि त्यापुढे देवबाग. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांच्या सावलीत घरे. नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचे एक बेट आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आले असे लोक सांगतात, म्हणून त्याचे नावच 'त्सुनामी आयलंड'. ओहोटीला ते उघडे पडते, भरतीला त्यावर गुडघाभर पाणी चढते.

ताहितीसारख्या लाटा इथे नाहीत. दूरच्या वाऱ्याने उठलेली लाट उथळ पाण्यात आली की तिचा वेग कमी होतो, उंची वाढते आणि ती फुटते. ताहितीला खोल समुद्रातून ती एकदम प्रवाळाच्या खडकावर चढते. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात लाटा लहान असतात आणि पावसाळ्यात समुद्र इतका खवळतो की होड्याच बंद ठेवतात. म्हणून इथे सर्फिंगऐवजी कयाक, बनाना राइड असे खेळ चालतात.

होडीवाल्याने आधी सर्वांना लाइफ जॅकेट घालायला लावले. थोरलीने पूर्ण बाह्यांचा कुर्ता आणि सलवार घातली होती, वर घट्ट बांधलेला स्कार्फ. ती कयाकमध्ये बसली तेव्हा आम्ही वाळूवर पिशव्या सांभाळत दुआ पुटपुटत होतो. पहिल्याच वळणावर कयाक कलंडली. क्षणभर आमचा श्वास अडकला. जॅकेटने तिला वर आणले. नाकातोंडात पाणी गेले होते, तरी ती हसत होती. "अम्मी, तूपण ये ना!"

आम्ही पिशव्या धाकट्याकडे दिल्या आणि कमरेइतक्या पाण्यात गेलो. तीस वर्षांत पहिल्यांदा. लाट आली, तिने पाय उचलले आणि पुन्हा जागेवर ठेवले. थोरलीने आमचा हात सोडला नाही. कुणी कुणाला धरले होते, सांगता येणार नाही.

परतून असरची नमाज कस्र पढलो आणि सुरमई-भातावर तुटून पडलो. मासळीमुळे जेवणाची अडचण येत नाही. जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीची वेळ आधी विचारावी, जॅकेटशिवाय होडीत बसू नये आणि नदीच्या मुखाशी पोहण्याचे धाडस करू नये. तिथे ओढ फार असते.

सुट्टी संपली. सध्या आम्ही ठाण्यात मुलींसाठी स्वतंत्र वेळ असलेला तरणतलाव शोधत आहोत. अर्ज दोन भरायचे आहेत: एक थोरलीचा, एक आमचा.