वरच्या गावचा पाऊस

आमच्या घरात हवामानखात्याच्या तीन शाखा आहेत. पहिली आईकडे. नक्षत्र कोणते लागले आणि त्याचे वाहन कोणते, हे पंचांगात पाहून ती निकाल देते. वाहन बेडूक किंवा म्हैस असली तर सहलीचा बेत सोडावा, कोल्हा असला तर खुशाल निघावे, आणि घोडा असला तर पाऊस डोंगरावर पडतो, असे तिचे शास्त्र आहे. दुसरी शाखा स्वयंपाकघरात. मिठाच्या बरणीला पाझर फुटला, डब्यातले पापड मऊ पडले, की पत्नी तिथूनच इशारा देते. तिसरी शाखा पुतण्याच्या हातातल्या मोबाइलवर चालते. कोणत्या गावात किती वाजता किती पाऊस पडेल, हे तो तासातासाच्या हिशेबाने सांगतो. मी या तिन्ही खात्यांची प्रजा. तिघांचे एकमत झाल्याचा दिवस अजून उजाडलेला नाही, म्हणून आमच्या सहली तरी निघतात!

आपल्या लोकांनी पावसाला नावे किती प्रेमाने दिली आहेत पाहा. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघांचा सासूचा, पूर्वांचा सुनेचा. एका घरातली माणसेच जणू पाळीपाळीने येऊन जातात. ही झाली काळाची नावे. पण सह्याद्रीत पाऊस जितका काळावर असतो तितकाच जागेवर असतो. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून घाट उतरून वाईला या. अंतर अवघे तीस-बत्तीस किलोमीटर. पण इथे पाऊस सातशे-आठशे मिलीमीटर. महाबळेश्वरात छत्री उलटी होत असते, आणि वाईच्या कृष्णेच्या घाटावर कुणीतरी धोतर वाळत घातलेले असते. समुद्रावरून आलेला ओला वारा सह्याद्रीच्या भिंतीला अडतो, वर चढतो, चढता चढता थंड होतो आणि आपले ओझे घाटमाथ्यावर टाकून मोकळा होतो. पलीकडे उतरताना तो पुन्हा उबदार आणि कोरडा झालेला असतो. पुष्कळ देऊन झाल्यावर उरते तेवढेच तो देशाच्या वाट्याला आणतो.

हे सारे मोजणाऱ्या सरकारी खात्याची थट्टा करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. १८७५ साली हे खाते स्थापन झाले आणि १९२८ साली त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आले. कारभार पुढे दिल्लीला गेला, तरी पुणेकर त्या वास्तूला अजून 'सिमला ऑफिस'च म्हणतात. आता हे खाते हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल अशा रंगांत इशारे देते. त्याहूनही मला आवडते ती गोष्ट अशी की, जिल्ह्याचा इशारा देताना ते घाटमाथ्याचा इशारा वेगळा सांगते. पुणे जिल्ह्यात लोणावळाही आहे आणि बारामतीही. दोघांना एकच आकाश देऊन कसे भागेल?

पण खाते काय, पंचांग काय, दोन्ही आपल्याला डोक्यावरचे आकाश दाखवतात. नदीचे आकाश निराळे असते. हे मला शिकवले ते पोलादपूरजवळच्या माझ्या सासुरवाडीने.

श्रावणातला एक दिवस होता. आदल्या रात्री पाऊस पडून सकाळी लख्ख ऊन पडले होते. जेवणाआधी सगळी मंडळी नदीवर गेलो. पात्रात एक ऐसपैस कातळ आहे. मुले त्यावर बसून पाण्यात पाय हलवीत होती. आकाश निळे, पाणी घोट्याएवढे, पुतण्याच्या मोबाइलवर पावसाचा टिपूस नाही. पत्नीची आत्या काठावर कपडे धूत होती. तिने मध्येच हात थांबवले आणि ती पाण्याकडे बघत राहिली.

"जावईबापू, पोरांना वर घ्या."

"आत्ताच तर बसली आहेत, आत्याबाई. आभाळ बघा कसं स्वच्छ आहे."

"इथलं आभाळ कशाला बघताय? पाणी वरच्या गावचं आहे. घ्या वर."

सासरच्या वडीलधाऱ्या माणसाचा शब्द मोडायचा नसतो. मी मुलांना उठवले. धाकटी रुसली, पुतण्याने मोबाइल पुढे केला, कुणीतरी "पाचच मिनिटं" म्हटले. आत्याबाईंनी कुणाचेही ऐकले नाही. धुतले-न धुतलेले कपडे गोळा करून त्याही वर आल्या. मग आम्ही बघू लागलो. काचेसारखे पाणी चहाच्या रंगाचे झाले होते. कडेने फेस धरू लागला होता. हिरवी पाने वाहत येत होती. वाळलेली नव्हेत, नुकतीच झाडावरून ओरबाडलेली. आणि नदीचा आवाज उतरला होता. खळखळ जाऊन तिथे एक जड घरघर आली होती. अर्ध्या तासाच्या आत तो कातळ दिसेनासा झाला. धाकटीची एक चप्पल त्यावर राहिली होती. ती गेली. आमच्या अंगावर मात्र अजून ऊन होते.

त्या संध्याकाळी धाकटी आत्याबाईंच्या मांडीवरून हलली नाही. मलाही फार बोलवेना. त्या कातळावरची पाच मिनिटे मी मनातल्या मनात मोजत होतो.

त्या मुलखात ही शहाणीव उगाच आलेली नाही. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचा उगम मानतात. त्यांतल्या कृष्णा, वेण्णा, कोयना देशाच्या झाल्या. सावित्री कडा उतरून पोलादपूर, महाडवरून समुद्राला जाते. २०२१ च्या जुलैत, २३ तारखेच्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत, महाबळेश्वरला ५९४ मिलीमीटर पाऊस झाला. वाईला वर्षभरात जेवढा पडतो, त्याच्या जवळपास एका दिवसात! आणि त्याच वेळी खाली महाड शहर पाण्यात बुडाले होते. महाडकराने आपल्या अंगणातला पाऊस मोजून त्या पुराचा अंदाज कसा बांधावा? त्याच्या पुराचा मोठा वाटा डोंगरावर पडत होता.

सहलीला गेलेल्या माणसाला हेच उमगत नाही, कारण तो नदीला एक जागा समजतो. नदी जागा नव्हे, वाट आहे. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. पाणी वाढले तेव्हा ती प्रवाहाच्या मध्यावर उभी होती. ती काही साहस करायला गेली नव्हती. आपल्यासारखीच रविवारी डबा घेऊन निघालेली माणसे. सणाच्या अंकात ही आठवण काढू नये असे कुणाला वाटेल. मला वाटते, घरातली सगळी माणसे एकत्र बसून वाचतात त्याच अंकात ती काढावी.

आणि वरचे गाव नेहमी ढगांचेच असते असेही नाही. पुणेकरांना हे सांगायला नको. खडकवासल्यातून पाणी सोडले की डेक्कनवर ऊन असतानाही भिडे पूल पाण्याखाली जातो. कोलाडला कुंडलिकेवर रबरी होड्या पाण्यावर उड्या घेत जातात, त्या नदीची तर गंमतच आहे. तिच्यात मुळशीच्या तलावाचे पाणी येते. मूळचे हे मुळा नदीचे पाणी. त्याने भीमा-कृष्णेच्या सोबतीने बंगालच्या उपसागराला जायचे. ते अडवून सह्याद्रीवरून खाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडले आणि त्याची दिशाच फिरली. वीज करून झाली की ते कुंडलिकेत येते. होड्यावाले सकाळी त्या पाण्याची वाट पाहतात. त्या नदीचा चढउतार असा घड्याळावर चालतो, आणि तिच्या काठी बसणाऱ्याने वीजघराची वेळ विचारलेली बरी.

डोंगरातली हवा नुसती भिववणारीच असते असे मात्र समजू नका. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. पावसाळ्यात एखाद्या सकाळी पाठीमागे सूर्य असावा, समोर दरीत धुके भरलेले असावे, तर धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या मस्तकाभोवती इंद्रधनुष्याचे पूर्ण वर्तुळ उमटते. इंद्रवज्र म्हणतात त्याला. दख्खनच्या हवेची नोंद ठेवणाऱ्या कर्नल साइक्स या इंग्रजाने १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ते लिहून ठेवले आहे. शेजारी उभ्या असलेल्या प्रत्येकाला वर्तुळ दिसते ते स्वतःच्याच डोक्याभोवती! एवढा निःपक्षपाती सत्कार माणसे करू शकत नाहीत. पण त्यासाठी तासन् तास ओल्यात बसावे लागते, आणि धुके न हटल्यास "बरे, पुन्हा येईन" म्हणून उतरावे लागते. ज्याला माघारी फिरता येते त्यालाच डोंगर पुन्हा बोलावतो.

आता दिवाळी आली. पाऊस सरला, गवत पिवळे पडू लागले, हवा पुसून काढल्यासारखी झाली. गडकिल्ल्यांचे खरे दिवस हेच. तरी दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्या. या दिवसांत कधी दुपारनंतर ढग भरून विजा कडाडतात, तेव्हा माथा सकाळीच गाठून वेळेवर उतरावे. आणि तंबू ठोकायचा तर नदीकाठी पांघरूण एक जास्त न्यावे. निरभ्र, निवांत रात्री गार हवा जड होऊन खोऱ्यात उतरते, म्हणून कित्येकदा पहाटे टेकडीपेक्षा पायथ्यालाच हुडहुडी भरते. महाबळेश्वरात ऐन थंडीत दव गोठते तेही गावात नव्हे, खाली वेण्णा तलावाच्या काठी.

आमची धाकटी हल्ली कुठल्याही पाण्याजवळ गेली की चप्पल काढण्यापूर्वी विचारते, "बाबा, याचं वरचं गाव कोणतं?" मला ठाऊक असते तर सांगतो. नसले तर आम्ही काठावर कपडे धुणारे, गुरे पाजायला आणलेले, जाळे विणत बसलेले असे कुणीतरी शोधतो, त्याच्याशी दोन शब्द बोलतो, आणि मगच पाण्यात पाय टाकतो.