असईचा उतार

सैन्यशास्त्र हा विषय घेणाऱ्या मुलांच्या वाट्याला पहिल्याच आठवड्यांत थोडी निराशा येते. तीं येतात शौर्याच्या कथा ऐकावयास, आणि मी त्यांच्यापुढें नकाशा पसरतों. छाती काढून उभा राहील तो नायक, ही कवायतीच्या मैदानावरील समजूत उतरविण्यास मला असईची लढाई फार उपयोगीं पडते.

23 सप्टेंबर 1803 चा तो दिवस. केळणेपलीकडे शिंदे-भोसल्यांची फौज उभी. नदीला जवळपास उतार नाहीं, असें आर्थर वेलस्लीचे वाटाडे निक्षून सांगत होते. त्याला मात्र दोन्ही तीरांवर समोरासमोर वसलेलीं दोन गांवें दिसलीं. त्या अर्थीं मधें जाण्यायेण्याची वाट असलीच पाहिजे, असें त्यानें ताडलें. आणि उतार सांपडला. (हें ज्ञान बाजाराला जाणाऱ्या कोणाही म्हातारीपाशीं असतें, सेनापतीपाशीं क्वचित्.)

मुलें खूष होतात. मग मी पुढचें सांगतों. त्याच्या उजव्या बगलेची तुकडी हुकुमाबाहेर जाऊन थेट असईच्या तोफांकडे वळली. तिच्यामागून गेलेल्या 74 व्या पलटणीची चाळण झाली. इंग्रजांकडील मृत व जखमी दीड हजारांवर गेले. इकडे शिंदे व भोसले रणांगणांतून लवकरच निघून गेले. गोलंदाज मात्र तोफांपाशींच उभे राहून मेले.

गेल्या वर्षीं येथें एका मुलीनें विचारलें, "त्यांना उभें कोणीं ठेवलें?" वर्गांत पुष्कळ तर्क झाले: पगार, अब्रू, शेजारच्याची लाज. मला शेवटचा पटला. एका तोफेमागें अनेक माणसें लागत, आणि तीं एकमेकांना नांवानिशीं ओळखत. त्या मुलीचें मात्र समाधान झालें नाहीं. ह्यांत नायकाचा भाग कोणता, असें ती तास संपल्यावरही विचारीत राहिली.